बाजार की नियोजन, अर्थव्यवस्थेचा मेळ कोण घालतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा वाद म्हणजे भांडवलशाही विरुद्ध समाजवाद, असंच ना?

शेजारचा वाद आहे, पण तोच नाही. कारखाना कोणाचा, हा मालकीचा प्रश्न. त्या कारखान्यात उद्या काय बनवायचं, किती आणि कशापासून, हे ठरतं कसं, हा मेळ घालण्याचा प्रश्न. सरकारी मालकीच्या कंपन्या खुल्या बाजारात माल विकतात. उलट खाजगी कंपनीच्या आत एक विभाग दुसऱ्याला सहसा काही विकत नाही, वरून आदेश येतो आणि माल हलतो. या पानावर दुसऱ्या प्रश्नाबद्दलच बोलू. पहिला प्रश्न मधूनमधून डोकावेल, त्याला इलाज नाही.

मेळ घालायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

चष्मा काढून त्याच्या बिजागरीतला स्क्रू बघा. तो बहुधा स्टेनलेस स्टीलचा असतो, म्हणजे त्यात लोखंडाबरोबर क्रोमियम आलं आणि बऱ्याचदा निकेलही. तेच निकेल बॅटरीत जातं, शस्त्रक्रियेच्या हत्यारांत जातं, रासायनिक कारखान्यांच्या टाक्यांत जातं. स्क्रू बनवणाऱ्याची आणि बॅटरी बनवणाऱ्याची आयुष्यात कधी गाठ पडत नाही. तरी निकेल कमी पडलं की दोघांपैकी कुणीतरी हात आखडता घ्यायला हवा, आणि शक्यतो ज्याला निकेलवाचून भागवता येतं त्याने घ्यायला हवा. हे कुणाला कळणार आणि तो ते का करणार? सगळा वाद या दोन प्रश्नांभोवती फिरतो. ‘का’ पेक्षा ‘कुणाला कळणार’ हा प्रश्न जास्त अवघड आहे, हे लोकांच्या उशिरा ध्यानात आलं.

वादाला तोंड कधी फुटलं?

पहिल्या महायुद्धानंतर. युद्धात सरकारांनी रेल्वे, कोळसा, धान्य सगळं ताब्यात घेऊन चालवलं होतं. ऑस्ट्रियाच्या ऑटो नॉयराथचं म्हणणं पडलं की युद्धात जमलं ते शांततेतही जमेल, आणि हिशेब पैशात न करता थेट वस्तूंमध्ये करता येईल: इतके टन, इतके तास, इतकी माणसं. त्यावर १९२० मध्ये लुडविग फॉन मिझेस या ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञाने निबंध लिहिला आणि ठिणगी पडली. त्याआधी १९०८ मध्ये एन्रिको बारोने या इटालियन अर्थतज्ज्ञाने गणिताने दाखवलं होतं की समाजवादी उत्पादन मंत्रालयालाही शेवटी बाजारासारखीच समीकरणं सोडवावी लागतील. ती कागदावर बसून सोडवता येतील असं मात्र त्यालाही वाटत नव्हतं.

मिझेसचं म्हणणं थोडक्यात सांगाल?

यंत्रं, जमिनी, खाणी यांची खरेदी-विक्रीच होत नसेल तर त्यांना किंमत नाही. किंमत नसेल तर डोंगराला वळसा घालून रस्ता न्यायचा की बोगदा खणायचा, यातलं स्वस्त काय ते कळायला मार्ग नाही. दोन्ही बांधता येतील. बांधताना कुठली दुसरी कामं मारली गेली, ते कळणार नाही.

याला समाजवाद्यांनी काय उत्तर दिलं?

सगळ्यात देखणं उत्तर पोलंडच्या ऑस्कर लांगेचं, १९३६-३७ सालचं. तो म्हणाला, किंमत लागते हे मान्य, पण ती बाजारातच जन्मली पाहिजे असं कुठे आहे? नियोजन मंडळ अंदाजाने किंमत जाहीर करील. गोदामात माल साचला तर ती उतरवील, रांगा लागल्या तर चढवील. कारखान्याच्या व्यवस्थापकांना फक्त नियम द्यायचे: या किमतींना खर्च कमीत कमी ठेवा, आणि शेवटच्या नगाचा खर्च किमतीइतका होईपर्यंत उत्पादन वाढवा. समाजवाद्यांना या प्रश्नाची जाणीव करून दिल्याबद्दल मिझेसचा पुतळा नियोजन मंत्रालयात उभारावा, असा चिमटाही त्याने काढला.

उत्तर गणिताने बरोबर होतं. ज्या पाठ्यपुस्तकी सिद्धांतावर बाजाराचे समर्थक विसंबून होते, तोच लांगेने त्यांच्यावर उलटवला. बऱ्याच अर्थतज्ज्ञांनी तेव्हा वाद निकालात निघाला असं धरलं होतं.

मग हायेकने नवीन काय सांगितलं?

फ्रिडरिश हायेक या बाजाराच्या बाजूच्या अर्थतज्ज्ञाने १९४५ च्या निबंधात वादाची जागाच बदलली. त्याचं म्हणणं असं: सगळी माहिती एका टेबलावर आली तर पुढचा भाग नुसता आकडेमोडीचा, पण ती टेबलावर येतच नाही. आर्थिक माहिती म्हणजे फक्त खनिजांचे साठे आणि तांत्रिक तक्ते नव्हेत. कोणतं यंत्र दुपारनंतर तापतं, कोणता पुरवठादार शब्द देतो पण पाळत नाही, आज परतीचा ट्रक रिकामा जाणार आहे, असल्या बारीकसारीक गोष्टी ती असते. पंधरा वर्षं एकाच लेथवर काम केलेल्या माणसाला आवाज ऐकून बेअरिंग जाणार हे कळतं. त्याला फॉर्म भरायला सांगा, ‘यंत्राची स्थिती’ या रकान्यात तो ‘ठीक’ असंच लिहील. तो खोटं बोलत नसतो. त्याला जे कळलंय त्याला रकानाच नाही.

हायेकचं उदाहरण कथलाचं आहे. कुठे खाण बंद पडली की कथलाचा नवा वापर निघाला, हे वापरणाऱ्यांना कळायची गरज नाही. भाव चढला एवढं पुरे, ते आपसूक वापर कमी करतात. लांगेच्या योजनेतली अडचण इथे दिसते. मंडळाने किंमत दर महिन्याला बदलली तरी ‘वस्तू’ म्हणजे काय हे मंडळालाच ठरवावं लागतं. आज हवा असलेला पंप आणि तीन आठवड्यांनी मिळणारा तोच पंप, बंद पडलेल्या कारखान्याच्या लेखी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. यादीत मात्र पंप एकच.

सोव्हिएत नियोजन प्रत्यक्षात चालायचं कसं?

पुस्तकातल्यासारखं नाही. गोस्प्लान ही मध्यवर्ती नियोजन संस्था १९२१ मध्ये स्थापन झाली, पहिली पंचवार्षिक योजना १९२८ मध्ये सुरू झाली. मुख्य हत्यार होतं ‘वस्तुताळेबंद’. पोलादाचा एक तक्ता: एका बाजूला उत्पादन, आयात, शिल्लक, दुसऱ्या बाजूला कोणाला किती हवंय. मागणी जास्त भरली की काटछाट करायची. पण पोलादात काट मारली की ट्रॅक्टरचा तक्ता बदलतो, ट्रॅक्टरचा बदलला की टायरचा. पुरतं गणित करायचं तर ही साखळी पुन्हा पुन्हा फिरवावी लागते. हाताने हे एकदोनदाच जमायचं, मग वेळ संपायचा. सोव्हिएत अर्थव्यवस्थेचा अभ्यासक अलेक नोव्ह याने तिथल्या वेगवेगळ्या उत्पादनांची संख्या सुमारे १ कोटी २० लाख अशी दिली आहे. केंद्राला त्यातल्या फार थोड्यांचे तक्ते करता येत. बाकीचं ढोबळ गटांत, आणि लक्ष्य टनांत, मीटरांत किंवा रुबलांत.

टनात मोजलं की माल जड होतो. छतावरच्या झुंबरांची तक्रार खुद्द सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने १९५९ मध्ये जाहीरपणे केली होती: झुंबर जितकं वजनदार तितकी कारखान्याची योजना पुरी होते, मग ते कुणाला हवंय याची फिकीर कशाला? (एकच अजस्र खिळा बनवून लक्ष्य गाठणाऱ्या कारखान्याचा किस्सा सगळीकडे सांगतात. ते व्यंगचित्र होतं. झुंबरं खरी होती.)

माल वेळेवर येईल याची खात्री नसल्यामुळे प्रत्येक कारखाना गरजेपेक्षा जास्त मागायचा आणि लपवून ठेवायचा. हे केंद्राला माहीत, म्हणून केंद्र सरसकट कात्री लावायचं. ते कारखान्याला माहीत, म्हणून तो आणखी फुगवून मागायचा. मी एका ऑफिसात होतो तिथे बैठकीच्या खोल्यांचं असंच झालं होतं. खोल्या फुकट, नोंदणी ऑनलाइन. खोली मिळत नाही असं दोनचारदा झाल्यावर प्रत्येक टीमने महिनाभराच्या सगळ्या सकाळी ‘असू द्यावी’ म्हणून अडवून ठेवल्या. तक्ता गच्च भरलेला आणि खोल्यांत दिवे बंद. आम्ही कॉरिडॉरमध्ये उभ्याने बैठका घ्यायचो. यात कुणीच वाईट वागत नव्हतं. हंगेरीच्या यानोश कोर्नाईने १९८० मध्ये यालाच टंचाईचं अर्थशास्त्र म्हटलं: टंचाई साठेबाजीला जन्म देते आणि साठेबाजी टंचाईला.

तरी गाडा चालला, कारण कागदाबाहेर ‘टोल्काच’ होते. शब्दशः ‘ढकलणारे’. कारखान्याच्या वतीने गावोगाव फिरून ओळखीपाळखीने, अदलाबदलीने अडकलेला माल सोडवून आणायचा हे त्यांचं काम. योजनेची भोकं बुजवायला योजनेने न सांगितलेला बाजार उभा राहिला होता.

म्हणजे नियोजन फसलं, विषय संपला?

इतक्या घाईने संपवू नका. याच व्यवस्थेने १९५७ मध्ये पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. (याच व्यवस्थेत १९३२-३३ चा भीषण दुष्काळही पडला, तेही त्याच श्वासात सांगायला हवं.) आणि नियोजनाचं सगळ्यात चकित करणारं यश कम्युनिस्ट देशातलं नाहीच. अमेरिकेत जानेवारी १९४२ मध्ये युद्ध उत्पादन मंडळ नेमलं गेलं आणि फेब्रुवारीत खाजगी वापराच्या मोटारींचं उत्पादन थांबलं. मोटारींचे कारखाने रणगाडे आणि विमानांची इंजिनं बनवू लागले. भाव चढून हळूहळू हे होईल म्हणून कुणी वाट पाहिली नाही.

तिथेही ठेच लागलीच. सुरुवातीला कामांना अग्रक्रमाचे शिक्के दिले जात. प्रत्येक खात्याने आपलं काम तातडीचं ठरवलं, शिक्के वाटून वाटून शिक्क्याला अर्थ उरला नाही. मग मंडळाने शहाणपणा केला: पोलाद, तांबं आणि ॲल्युमिनियम एवढ्या तीनच धातूंची चावी हातात ठेवली आणि बाकीचं बरंचसं त्यामागून ओघाने येऊ दिलं.

युद्धात नियोजन का जमतं, याचं उत्तर मला साधं वाटतं. ध्येय एक असतं, हवं ते मोजता येतं, आणि लोक वाट्टेल ती गैरसोय काही वर्षं सोसतात. शांततेत कुणाला कसली चप्पल हवी हे ठरवायचं असतं.

कांतोरोविच कोण? त्याचं नाव या वादात नेहमी का निघतं?

कारण त्याच्यामुळे दोन्ही बाजूंची पंचाईत होते. लिओनिद कांतोरोविच हा लेनिनग्राडचा गणिती. १९३० च्या दशकाच्या शेवटी प्लायवूड बनवणाऱ्या संस्थेने त्याच्यापुढे एक कोडं ठेवलं: लाकडाचे वेगवेगळे प्रकार, सोलण्याची वेगवेगळी यंत्रं, प्रत्येक यंत्राचा प्रत्येक लाकडावरचा वेग वेगळा; कोणतं लाकूड कोणत्या यंत्रावर लावलं तर माल जास्तीत जास्त निघेल? त्याने जी रीत काढली ती आज रेषीय प्रायोजन म्हणून शिकवतात. १९३९ मध्ये ती छापून आली, १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याला ट्यालिंग कूपमन्सबरोबर मिळालं.

खरी गंमत पुढे आहे. गणित सोडवताना प्रत्येक साधनासाठी एक आकडा आपोआप बाहेर पडतो: हे यंत्र आणखी एक तास मिळालं असतं तर उत्पादन किती वाढलं असतं? हा आकडा म्हणजे किंमतच. बाजार नाही, विक्रेता नाही, तरी उत्तम योजनेच्या पोटातून किंमत निघाली. म्हणजे लांगे म्हणाला तसं बाजाराविना किंमत काढता येते. आणि मिझेस म्हणाला तसं किमतीविना योजना करता येत नाही.

त्याच्या पद्धतीबद्दल एक हकीकत सांगितली जाते. रेल्वेडबे बनवणाऱ्या कारखान्यात पत्रा कापण्याचं गणित त्याच्या रीतीने बसवलं, तुकडे कमी वाया जाऊ लागले. झालं असं की भंगार जमा करण्याचं लक्ष्यही त्याच कारखान्यावर होतं, आणि ते आता पुरं होईना. गणित सुधारलं आणि कारखाना अडचणीत आला.

बाजार तरी कुठे सगळं बरोबर करतो?

करत नाही. किमतीत तेवढंच उतरतं जेवढं कुणाला तरी मोजावं लागतं. धुराड्यातून गेलेला कार्बन डायऑक्साइड बिलात नसेल तर तो भावातही नाही, आणि मग भाव हायेकने सांगितला तसा निरोप पोचवत राहतो, फक्त निरोप चुकीचा. दुसरं, बाजारात मत पैशाने पडतं. ज्याच्या खिशात काही नाही त्याची भूक बाजाराच्या लेखी मागणीच नसते. तिसरं, उद्याचा बाजार आज भरत नाही. वीस वर्षांनी किती डॉक्टर लागतील याची किंमत आज कुठल्याच फलकावर लागलेली नसते. १९३३ मध्ये अमेरिकेत साधारण चारातला एक कामगार बेकार होता. कारखाने जाग्यावर, हात जाग्यावर, गरज जाग्यावर, आणि मेळ बसत नव्हता. २००८ मध्ये कोसळलेले घरकर्जांचे भावही जगातल्या हुशार लोकांनीच लावले होते.

बाजाराचा एक गुण मात्र मला निर्विवाद वाटतो. तिथे चूक लपत नाही, म्हणजे फार काळ लपत नाही. नुकसान होतं, दुकान बंद होतं. सोव्हिएत कारखाना तोट्यात गेला तर कुणीतरी तो भरून द्यायचं. कोर्नाई याला सैल पडलेली आर्थिक वेसण म्हणायचा. बाजारवाल्या देशांतही मोठ्या बँकांची वेसण अशीच सैल असते हे २००८ मध्ये सरकारांनी त्यांना वाचवलं तेव्हा दिसलं.

मोठमोठ्या कंपन्या आतून नियोजनानेच चालतात. मग नियोजन अशक्य कसं?

मुद्दा जोरदार आहे आणि जुना आहे. बाजार इतका चांगला तर कंपन्या असतातच कशाला, असं अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोसने १९३७ मध्येच विचारलं होतं. त्याचं उत्तर: बाजार वापरायलाही खर्च येतो. माणूस शोधा, भाव ठरवा, करार करा. हा खर्च आदेश देण्यापेक्षा जास्त झाला की ते काम कंपनीच्या आत येतं. संस्थांचा अभ्यासक हर्बर्ट सायमनने १९९१ मध्ये मंगळावरचा पाहुणा कल्पिला होता: दुर्बिणीतून त्याला संस्था हिरव्या आणि बाजाराचे व्यवहार लाल रेषांसारखे दिसले, तर पृथ्वी बहुतेक हिरवीच दिसेल.

पण अजस्र किरकोळ विक्री कंपनीचं गोदाम दाखवून ‘हेच देशभर करा’ म्हणणारे दोन गोष्टी विसरतात. ती कंपनी आपलं नियोजन करताना बाहेरच्या किमती वापरते: डिझेलचा भाव, मजुरी, भाडं, व्याज. ते आकडे तिला फुकट मिळतात. आणि तिचं नियोजन चुकलं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. देश हीच एक कंपनी झाली तर समोरचं दुकान कुठलं?

आता कॉम्प्युटर आहेत, कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. अजून काय हवं?

लांगेने आयुष्याच्या शेवटी, १९६५ च्या सुमारास, हेच लिहिलं होतं: समीकरणं संगणकात घाला, क्षणात उत्तर येईल, बाजार हे जुनाट गणनयंत्र आहे. व्हिक्टर ग्लुश्कोव्ह या सोव्हिएत संगणकतज्ज्ञाने १९६० च्या दशकात सगळ्या सोव्हिएत युनियनला जोडणाऱ्या संगणकजाळ्याची योजना मांडली. ती आकड्यांवर अडली नाही, खात्याखात्यांच्या रस्सीखेचीत अडली. आपले आकडे दुसऱ्याच्या यंत्रात उघडे पडावेत असं कुठल्या खात्याला वाटणार?

चिलीत १९७१ ते १९७३ मध्ये ब्रिटिश तज्ज्ञ स्टॅफर्ड बिअर याच्या मदतीने ‘सायबरसिन’ हे कारखान्यांची माहिती एका जागी आणणारं जाळं उभं राहत होतं. कारखाने टेलेक्सने, म्हणजे तारेवरून मजकूर पाठवणाऱ्या यंत्रांनी जोडलेले, मध्ये सात फिरत्या खुर्च्यांची नियंत्रणखोली. ऑक्टोबर १९७२ मध्ये ट्रकमालकांनी संप केला तेव्हा कुठे माल अडलाय आणि कोणता ट्रक मोकळा आहे हे कळायला टेलेक्सचा खरोखर उपयोग झाला. सप्टेंबर १९७३ च्या लष्करी बंडानंतर सगळं संपलं, त्यामुळे ते पुढे चाललं असतं की नाही यावर कुणीही छातीठोकपणे बोलू नये.

आज गणनेची ताकद अफाट वाढली आहे, ही अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. पण व्यवस्थापकाने फुगवून मागितलेला आकडा वेगवान यंत्रात घातला तर फुगलेलं उत्तर लवकर मिळतं.

किंमत वापरायची तर श्रीमंतांचंच राज्य येणार. सुटका आहे का?

आहे, आणि माझं या विषयातलं सर्वात आवडतं उदाहरण हेच. आज फीडिंग अमेरिका या नावाने ओळखली जाणारी संस्था देणगीत आलेलं अन्न देशभरच्या फूड बँकांना, म्हणजे गरजूंना अन्न पोचवणाऱ्या संस्थांना, वाटते. आधी पाळीने वाटप व्हायचं: तुमचा नंबर आला, ट्रकभर बटाटे आहेत, घ्या किंवा सोडा. ज्यांच्याकडे बटाट्यांचा ढीग आहे त्यांनाही बटाटेच. कुणाकडे काय पडून आहे हे मध्यवर्ती कार्यालयाला दिसतच नव्हतं.

२००५ मध्ये त्यांनी खोटं चलन काढलं. ज्या भागात गरजू लोक जास्त तिथल्या बँकेला जास्त चलन. त्यातून लिलावात बोली लावायची. खर्च झालेलं चलन पुन्हा सगळ्यांत वाटलं जातं. छोट्या बँकांना उधारीची सोय. उणे बोलीही चालते, म्हणजे ‘हा माल मी नेतो, पण वर चलन द्या’. टिकाऊ आणि पोटभरीच्या वस्तूंचे भाव चढले, नाशवंत भाजीपाला जवळपास फुकट गेला, कारण तो बहुतेकांना आपल्या भागातच मिळत होता. ही गोष्ट कार्यालयातल्या एकालाही आधी इतकी नेमकी ठाऊक नव्हती. नफा नाही, श्रीमंत नाही, मालकी नाही, तरी किंमत. आणि कुणाला किती चलन हा निर्णय पूर्णपणे नियोजनाचा.

चीनचं काय?

१९७८ नंतर तिथे योजना मोडली नाही, तिच्या कडेने बाजार वाढू दिला. १९८० च्या दशकात एकाच मालाला दोन भाव होते: कोट्यापर्यंत सरकारी, कोट्यावर बाजाराचा. त्यामुळे कुणाचं लगेच काही हिरावलं गेलं नाही. दोन भावांमधल्या फरकावर अधिकाऱ्यांनी हात धुऊन घेतले, हेही खरं.

लोकांनीच सभा घेऊन ठरवलं तर? म्हणजे लोकशाही नियोजन?

शाळा कुठे हवी, नदीत काय सोडायचं नाही, यासाठी उत्तम. स्क्रूसाठी नको. माणसाच्या संध्याकाळी मोजक्या असतात.

तुमचा कौल कुणाला?

‘किती आणि कुठवर’ हे नियोजनाने ठरवावं, ‘कुणी आणि कसं’ हे शक्य तिथे किमतीवर सोडावं. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घातली आणि त्या मर्यादेतले परवाने विकायला मोकळीक दिली. मर्यादा हा राजकीय निर्णय. धूर कुणी कमी करायचा, हे सौद्याने ठरलं. जिथे चूक उघडी पडायला दशकं लागतात, म्हणजे हवामान, रोगराई, शिक्षण, तिथे मी बाजाराच्या भरवशावर बसणार नाही. चपलांच्या बाबतीत नियोजन मंडळाच्या भरवशावर बसणार नाही.

किंमतही नाही आणि हुकूमही नाही, असा प्रकार कुठे आहे?

मूत्रपिंडाच्या अदलाबदलीत. ते विकणं जवळजवळ सगळ्या देशांत बेकायदा आहे, आणि सरकार कुणाला ‘तू दे’ म्हणून सांगू शकत नाही. बायकोला द्यायला नवरा तयार असतो पण रक्तगट जुळत नाही, तशीच दुसरी जोडी दुसऱ्या गावात असते. अर्थतज्ज्ञ ॲल्विन रॉथ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००४ च्या सुमारास अशा जोड्या जुळवण्याची रीत बसवली. रॉथला २०१२ मध्ये लॉइड शॅप्लीबरोबर नोबेल मिळालं. इथे जुळवणी करणारं एक केंद्र आहे, म्हणजे नियोजन आहे, पण हो किंवा नाही म्हणण्याचा हक्क ज्याचा त्याच्याकडे.

अडचण एकच होती. आपल्या माणसाला मूत्रपिंड मिळाल्यावर दुसऱ्या जोडीतल्या दात्याने ऐनवेळी माघार घेतली तर? करार करून बांधून घेता येत नाही. म्हणून दोन जोड्यांच्या अदलाबदलीत चारही शस्त्रक्रिया एकाच वेळी करायची पद्धत पडली: चार टेबलं, चार पथकं, आणि सगळीकडे तयारी झाल्याचा निरोप आल्याशिवाय कुणीही सुरी लावायची नाही.